मागावरच्या गाड्या

आमच्या घरमालकांकडे घड्याळ नव्हतं आणि नागपुरातली निम्मी इतवारी पेठ गाडीची वेळ विचारायला त्यांच्याकडेच यायची. गिरणीचा भोंगा झाला की ते अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत आणि म्हणत, "रामटेकची गाडी आता कामठी सोडून राहिली." कोणी पैज लावायच्या फंदात पडत नसे. पूर्वी जे पडले होते, ते अजून त्यांना पानं खिलवत होते.

सगळे त्यांना काकाजी म्हणत. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले शेजारचे सोनारसुद्धा काकाजीच म्हणत, आणि काकाजी त्यांना "काय गा पोरा" म्हणून हाक मारत. घराणं कोष्ट्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणणारं. काकाजींचा उजवा खांदा धरला, धोटा फेकता येईना, मुलं गिरणीत लागली आणि बैठकीतला माग रिकामा पडला. काकूंच्या मनात तिथे तांदळाची कणगी ठेवायची होती. पण काकूंनी जागा झाडून घेण्याआधीच काकाजींनी त्या मागावर गाड्या चढवल्या.

गाड्या म्हणजे खरोखरच गाड्या. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मागाच्या डाव्या खांबावर त्यांनी खडूने गावं लिहिली होती: तळाशी इतवारी, मग कामठी, कन्हान आणि सर्वांत वर रामटेक. वरच्या दांड्यावर सकाळी सहापासून रात्री आठपर्यंतचे तास. रेल्वेची प्रत्येक गाडी हा एक लाल धागा, इतवारीपासून तिरका वर चढत रामटेकपर्यंत ताणलेला. प्रवासी मोटारी हिरव्या. टांगे, दुधाच्या गाड्या, रामटेकहून पहाटे विड्याची पानं घेऊन येणारे आणि रिकामे परतणारे ट्रक हे सगळे पिवळे. जिथे दोन धागे एकमेकांना छेदत, तिथे एकीतून उतरून दुसरी धरता येते, म्हणून त्या जागी पांढऱ्या सुताची बारीक गाठ. सगळं नागपूर वेळापत्रक वाचायचं, काकाजी वेळापत्रकावरून हात फिरवायचे.

ही माहिती ते आणत कुठून? रोज संध्याकाळी पायी इतवारी स्टेशनावर जायचं आणि उतरणाऱ्यांना धरायचं. "काहून गा, कन्हानले किती वेळ उभी होती?" माणूस म्हणे, "चिलीम भरून ओढून झाली तरी उभीच होती." काकाजी घरी येऊन लाल धागा एका चिलमीइतका सरकवत.

स्वतः मात्र ते कशातच बसत नसत. बाजार, देऊळ, लग्न, मयत, सगळीकडे पायी. मी एकदा कारण विचारलं तर गंभीर होऊन म्हणाले, "विणकर स्वतःच लुगडं नेसते का वं?" मला ते फार थोर वाटलं. खरं कारण पुढे कळलं आणि ते मुळीच थोर नव्हतं.

वाट सांगायची त्यांची एक पद्धत होती. आधी ते तुम्हाला मागाजवळ ओढून घेत. मग दाराकडे बघत, खिडकीकडे बघत, आवाज खाली आणत आणि सगळं सांगून झाल्यावर तुमच्या मनगटावर दोन बोटं ठेवून म्हणत, "हे फक्त तुले सांगून राहिलो, हा. दुसऱ्या कोणाले सांगू नको." आपण अगदी खास आहोत असं वाटून माणूस तरंगतच बाहेर पडे.

त्यांच्या वाटा नेहमीच सरळ लागत असं नाही. एका उन्हाळ्यात रुळांच्या कामामुळे एक गाडी रद्द झाली आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या गल्लीतलं वऱ्हाड कामठीला निघालेलं. काकाजींनी वऱ्हाडाचे तीन भाग केले. बँडवाले मोटारीने, बायका टांग्यांनी, नवरदेव आणि पुरुष मंडळी दुपारच्या गाडीने. बँड तासभर आधी पोचला. मुलीकडच्यांनी लाल कोट आणि सोनेरी झालरी पाहिल्या आणि घाईघाईत बँडमास्तरलाच ओवाळलं. नवरदेव रुसून बसला, त्याचा मामा तावातावाने भांडायला आला. काकाजी शांतपणे म्हणाले, "जो आधी पोचला त्याचा मान. मी गाड्यांचे धागे जोडतो गा, रुसव्याचे नाही."

आता माझं सांगते. वडील गेल्यावर आई आणि मी काकाजींच्या माडीवर दोन खोल्यांत राहत होतो. आईच्या डोळ्यांचे उपचार नागपुरात चालू होते आणि माझी नोकरी होती रामटेकच्या मुलींच्या शाळेत. रोज सकाळी इतवारीहून गाडी, संध्याकाळी परत. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, करड्या शिस्तीच्या होत्या. उशीर झाला की हजेरीपुस्तकात लाल शाईची खूण. वर्षात तीन खुणा झाल्या की हंगामी शिक्षिकेने घरी बसायचं, असा त्यांचा नियम. मी घरी बसले असते तर आम्ही दोघींनी काय खाल्लं असतं, हे त्या नियमात लिहिलेलं नव्हतं.

आणि अशात कन्हान नदीवरच्या रेल्वे पुलाचं काम निघालं. नागपूरकडून येणारी गाडी कामठीलाच थांबणार. नदीपलीकडे कन्हान ते रामटेक एक छोटी गाडी फिरणार. मधला तुकडा ज्याने त्याने आपापला पार करायचा, रस्त्याच्या पुलावरून.

पहिल्या दिवशी कामठी स्टेशनासमोरच्या मोटारीवर सगळी गाडी तुटून पडली. मी मागे राहिले. लाल खूण. दुसऱ्या दिवशी नागपूरहूनच थेट मोटारीने जायचं ठरवलं, तर उभं राहायलाही जागा मिळाली नाही. दुसरी लाल खूण. मोठ्या बाई टाक पुसत म्हणाल्या, "आता एकच उरली." त्या संध्याकाळी मी रडकुंडीला येऊन घरी आले, तर बैठकीत काकाजी गुणगुणत होते. हातात कात्री. कन्हानपाशी त्यांनी सगळे लाल धागे कापले होते, टोकं लोंबत होती आणि त्यांच्या तोंडावर दिवाळी होती.

"काकाजी, इथे माझी नोकरी चालली आणि तुम्ही गाणं म्हणताय?"

"काहून रडतं वं? धागा तुटला म्हणून कोणी लुगडं फेकून देते का? सांधा लागते." मग दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "कामठीले स्टेशनासमोरच्या मोटारीत चढूच नको. मागच्या फाटकानं निघ आणि छावणीच्या रस्त्यानं पाच मिनिटं चाल. कन्हानहून भाजी घेऊन मोटार येते, ती तिथं रिकामी होते आणि तशीच वापस जाते. कोणालेच ठाऊक नाही." मनगटावर दोन बोटं आली. "हे फक्त तुले सांगून राहिलो, हा."

दुसऱ्या दिवशी मी त्या मोटारीत राणीसारखी बसले. आजूबाजूला कोथिंबिरीचा वास आणि चार माणसं. शाळेत वेळेआधी पोचले. परतल्यावर काकाजींना सांगितलं, तर त्यांनी मागावर एक निळा धागा बांधला. "हा तुया," म्हणाले. निळा धागा कन्हानपाशी तुटलेल्या लाल टोकांवरून अलगद पलीकडे गेला होता. फार बरं वाटलं मला.

हळूहळू मोटारीत माणसं वाढू लागली. चाराची दहा झाली, दहाची तीस. चेहरे ओळखीचे वाटत, पण इतवारीत सगळेच चेहरे ओळखीचे असतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. एक दिवस दारात लोंबकळत गेले. आणि त्याच दिवशी शाळेत कळलं की उद्या तपासणीचे साहेब येणार, माझा पाठ बघणार आणि नोकरी कायम करायची की नाही ते ठरवणार.

मी घरी आले ती थेट बैठकीत. माग पांढऱ्या धोतराने झाकलेला होता.

"काकाजी, ती मोटार आता खच्चून भरते. उद्या साहेब येणार आहेत. मला दुसरी वाट सांगा."

"भरते?" काकाजी उडालेच. "ती मोटार भरते? काहून? ती तं कोणालेच ठाऊक नाही!"

त्यांचा हात धोतराकडे गेला. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून गरजल्या, "हात नका लावू! दुपारीच अमावास्या लागली."

त्या घरात अमावास्येला मागाला हात लावत नसत. काकाजींच्या वडिलांनी पाळलं, आजोबांनी पाळलं. माग त्या दिवशी निजतो म्हणत. आता मागावर लुगडं नव्हतं, गाड्या होत्या. पण गाड्यांनाही अमावास्या लागू होती.

"तुमच्या ध्यानात असेलच की," मी म्हणाले.

"ध्यानात नाही वं, बोटात आहे." ते झाकलेल्या मागाभोवती दोनदा फिरले आणि अचानक थांबले. "मी उद्या तुयासंग येतो. काय होऊन राहिलं ते आपल्या डोयानं पाहतो."

काकू पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "तुम्ही? मोटारीत? पोरी, यायले मोटार लागते वं! लग्नानंतर पयल्यांदा उमरेडले नेलं, तं माह्या मायच्या दारात उतरले आणि थेट तुळशीपाशी वकले. तवापासून पायीच हिंडते हे."

म्हणजे विणकर लुगडं नेसत नाही, ते हे होतं. काकाजी खाली बघत म्हणाले, "दोन लिंबं ठेव सदऱ्याच्या खिशात."

सकाळी गाडीत ते खिडकीशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपला लाल धागा आतून पाहिला. कामठीपर्यंत लहान मुलासारखे खूश होते. "अगदी बरोबर चालली वं! माह्या मागावर आहे तशीच!" कामठीला आम्ही मागच्या फाटकाने निघालो, छावणीच्या रस्त्याने पाच मिनिटं चाललो आणि वळणावर मी जागीच थिजले.

त्या कोणालाच ठाऊक नसलेल्या मोटारीभोवती निम्मी इतवारी उभी होती.

"राम राम, काकाजी!" दवाखान्यातला कंपाउंडर ओरडला. "तुमचीच मोटार! पण भरली बापा आज."

"तुले कोणी सांगतलं?" धोबी त्याच्यावर तडकला. "हे तं काकाजीनं फक्त मले सांगतलं होतं!"

"फक्त तुले? मले सांगतलं फक्त!"

"माह्याकडून तं शपथ घेतली, कोणाले सांगणार नाही म्हणून!" ही रामटेकला दर्शनाला निघालेली एक बाई.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले आणि मग सगळे मिळून काकाजींकडे. काकाजींचा चेहरा उतरला. त्यांनी प्रत्येकाला खरोखर सर्वांत चांगली वाट सांगितली होती. सर्वांत चांगली वाट एकच होती, आणि ती प्रत्येकाला एकट्यालाच दिली होती. ते माझ्याकडे वळले. "पोरी," म्हणाले, "मागावर माणसं दिसत नाही वं."

मोटारीचा क्लीनर शिट्टी वाजवत होता. पायरीवरसुद्धा जागा नव्हती. तिसरी लाल खूण मला तिथे उभ्या उभ्या दिसू लागली, आणि आईचा चेहराही. मी पदराने डोळे पुसले. ते काकाजींनी पाहिलं.

दुसऱ्या क्षणी ते भाजीच्या हातगाडीवर चढले होते. "थांब रे! शिट्टी वाजवू नको! सगळे उतरा!" आणि गंमत म्हणजे लोक उतरले. "आता एकेकानं खरं सांगा, पोचाचं कधी आहे? कंपाउंडर, तुमचा दवाखाना?"

"अकराले."

"मंग पायी जा. पुलावरून हवा खात जा, दुसरी गाडी भेटते. धोबीबुवा, तुम्ही त्या दुधाच्या गाडीत. कपडे उद्याही वायतीन. माय, देव कुठी पयून चालला का? तुम्ही टांग्यानं या सावकाश." त्यांची बोटं हवेत फिरत होती, जणू समोर तोच माग होता. माग झाकलेला होता, पण माणसं झाकलेली नव्हती. लोक कुरकुरत, हसत, एकमेकांची थट्टा करत पांगू लागले.

गर्दीत एक कोटवाले गृहस्थ होते, हातात काळी छत्री. ते आपण होऊन म्हणाले, "मला काही घाई नाही. मी पोचल्याशिवाय तिथे काही सुरू होत नाही."

"वा! असा माणूस पाह्यजे!" काकाजींनी हात जोडले. "साहेब, आता पानाचा रिकामा ट्रक येते. थेट रामटेकात नेऊन सोडते."

मला मोटारीत पुढची जागा मिळाली. मी म्हटलं, "काकाजी, आता तुम्ही घरी जा." तर लिंबू हुंगत शेजारी येऊन बसले. "धागा टोकापर्यंत नेल्याबिगर सोडत नाही मी." पुलाच्या मध्यावर त्यांनी मोटार थांबवायला लावली, कठड्याशी गेले आणि कन्हानमाईला जे अर्पण करायचं ते करून आले. चेहरा हिरवट झाला होता, पण पहिला प्रश्न हाच: "वेळ गेला का वं?"

वेळ गेला नव्हता. मी शाळेत पोचले तेव्हा घंटा व्हायला दहा मिनिटं होती. मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टाक खाली ठेवला. काकाजी शाळेच्या आवारातल्या चिंचेखाली आडवे झाले, डोळ्यांवर ओला दुपट्टा घेऊन.

साहेबांचा मात्र पत्ता नव्हता. एक तास गेला, दीड तास गेला. मुलींची स्वागतगीतं तीनदा म्हणून झाली, हार कोमेजले. शेवटी फाटकाशी एक ट्रक थांबला आणि रिकाम्या टोपल्यांमधून, कोटाला चिकटलेली विड्याची पानं झटकत, काळी छत्री सावरत एक गृहस्थ खाली उतरले. ट्रक मनसरला चहासाठी थांबला होता आणि मग चाकासाठी.

त्यांना तो ट्रक आमच्या काकाजींनीच सांगितला होता. पाठ भूगोलाचा होता. साहेबांनी पहिल्याच बाकावरच्या मुलीला विचारलं, "कन्हान नदी कुठे आहे?"

ती उठून म्हणाली, "वाटेच्या मधात येते, सर."

साहेबांनी कोटावरचं उरलेलं पान काढलं आणि मोठ्याने हसले. "अगदी बरोबर. पूर्ण गुण."

पाठ संपल्यावर मोठ्या बाईंनी हजेरीपुस्तक पुढे केलं. "पाठ ठीक आहे, पण या बाईंच्या दोन लाल खुणा आहेत. आपण पाहून घ्यावं." साहेबांनी पाहिलं, टाक मागून घेतला. "आज या शाळेत सर्वांत उशिरा कोण आलं?" त्यांनी विचारलं. मोठ्या बाई घड्याळाकडे पाहू लागल्या. "मग आधी माझ्या नावापुढे खूण करा. ती करवत नसेल तर या दोन्ही खोडा."

मोठ्या बाईंनी दोन्ही खोडल्या. मी तशीच चिंचेखाली धावले. साहेब माझ्यामागून आले. काकाजींनी दुपट्टा बाजूला करून एक डोळा उघडला.

"पोचले का साहेब, वेळेवर?"

"दीड तास उशिरा."

"तुम्हीच म्हणाले होते, घाई नाही."

साहेब छत्री टेकवून चक्क शेजारी मातीत बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "परतीची काही वाट आहे का? दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं आहे."

परतीला काकाजी रामटेकहून पायी निघाले. आम्ही कितीही विनवलं तरी मोटारीला हात लावेनात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले, पाय सुजलेले, आणि आधी मागावरचं धोतर काढलं. त्या दिवसापासून वाट सांगण्याआधी ते विचारू लागले, "तुले घाई किती?" पुढे पूल सुरू झाला. सगळी इतवारी खूश, आणि काकाजी मागापुढे दोन दिवस न जेवता बसलेले. लाल धागे पुन्हा इतवारीहून थेट रामटेकपर्यंत ताणले गेले. त्यात आता शोधायचं काही उरलं नव्हतं. निळा धागा त्यांनी काढला नाही. मी तो काढू दिला नसताच. ते गेल्यावर काकूंनी तिथे तांदळाची कणगी ठेवली, आणि निळा धागा कणगीच्या तोंडाला बांधला.

त्याच शाळेत पुढे मी मोठ्या बाई झाले. एका वर्षी पुन्हा रुळांचं काम निघालं. एक नवी, हंगामी शिक्षिका सलग दोन दिवस उशिरा आली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. हजेरीपुस्तक उघडं होतं. लाल टाक माझ्या हातात होता.

मी तिला जवळ बोलावलं. पाठकोऱ्या कागदावर चार गावं लिहिली, त्यांच्यावरून तिरक्या रेघा ओढल्या आणि कुठे उतरायचं, कुठून चालायचं, कोणती मोटार धरायची ते सगळं दाखवलं. मग दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"हे फक्त तुले सांगून राहिली, हा," मी म्हणाले. "दुसऱ्या कोणाले सांगू नको."